आभा क्रमांक काढल्यानंतरचे काम : रुग्णाच्या आरोग्य नोंदी त्याच्या स्वतःच्या हाती पोचवण्यासाठी

जत, आटपाडी, माण किंवा पाटण तालुक्यातला रुग्ण मिरजेच्या, सांगलीच्या किंवा कराडच्या दवाखान्यात निघतो, तेव्हा त्याच्याबरोबर बहुधा एक प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्यात केसपेपर, गोळ्यांची रिकामी पाकिटे, घडीवर फाटलेले डिस्चार्ज कार्ड आणि फिकी पडलेली सोनोग्राफीची चित्रे असतात. डॉक्टरांना हवा असलेला नेमका कागद त्यात नसला, की तपासणी पुन्हा करावी लागते, पैसे पुन्हा मोजावे लागतात, आणि पुष्कळदा पूर्वी कोणती गोळी सुरू होती हेही रुग्णाला सांगता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी नदीकाठच्या घरांत शिरले, तेव्हा ज्यांचे कागद खालच्या कपाटात होते त्यांना आपल्या आजाराचा इतिहास तोंडी सांगण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

केंद्र सरकारचे आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले ते या अडचणीवर उपाय म्हणूनच. प्रत्येक व्यक्तीला १४ अंकी आभा क्रमांक मिळावा, तिने ज्या दवाखान्यांत उपचार घेतले तेथील नोंदी त्या क्रमांकाशी जोडल्या जाव्यात आणि तिला त्या मोबाइलवर पाहता याव्यात, अशी त्यातली कल्पना आहे. क्रमांक काढण्याचे काम गावोगावी झाले, अनेक घरांत छापील कार्डही पोचले. मात्र क्रमांक असणे आणि नोंदी हाताशी असणे यांत बरेच अंतर आहे. ज्यांच्याकडे स्वतःचा स्मार्टफोन नाही, ज्यांना वाचता येत नाही किंवा जे वर्षातले निम्मे दिवस गावाबाहेर असतात, त्यांना ते अंतर एकट्याने पार करता येत नाही. त्यांच्या शेजारी बसून हे काम करून देणाऱ्यांसाठी, म्हणजे मुलगा, सून, नात, आशाताई, वाचनालयातला कार्यकर्ता किंवा ग्रामपंचायतीतला संगणकचालक यांच्यासाठी, हे मार्गदर्शन आहे.

दोन कार्डांतला गोंधळ आधी मिटवावा

रुग्णाला प्रथम एवढे स्पष्ट सांगावे, की आभा कार्ड आणि आयुष्मान कार्ड ही दोन वेगळी कार्डे आहेत. आयुष्मान कार्ड हे प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे आहे. महाराष्ट्रात ती योजना महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेबरोबर एकत्रित राबवली जाते आणि तिच्यात एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. आभा क्रमांकावर एक रुपयाही मिळत नाही. तो नोंदींची ओळख पटवण्यापुरता आहे. हा फरक न सांगितल्यास ऑपरेशनच्या दिवशी रुग्ण आभा कार्ड पुढे करतो आणि खर्च भागणार नाही असे कळल्यावर त्याचा या सगळ्यावरचाच विश्वास उडतो. आभा क्रमांक मोफत आहे आणि ऐच्छिक आहे, हेही त्याच वेळी सांगावे. तो नसल्यामुळे कोणत्याही दवाखान्याने उपचार नाकारणे योग्य नाही, आणि तो काढून देण्यासाठी कोणी पैसे मागत असल्यास ते देऊ नयेत.

बसण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात

पहिली गोष्ट म्हणजे आधारशी जोडलेला मोबाइल नंबर. आधारच्या आधारे आभा क्रमांक काढताना ओटीपी त्या नंबरवर जातो, आणि आपल्या भागातील वयस्कर माणसांच्या आधारला पुष्कळदा मुलाचा जुना, बंद पडलेला किंवा आधार काढताना शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा नंबर जोडलेला असतो. आधारच्या संकेतस्थळावर मोबाइल नंबर पडताळून पाहण्याची सोय आहे, आणि १९४७ या क्रमांकावर फोन करूनही मदत मिळते. नंबर बदलायचा असल्यास आधार केंद्रावर स्वतः जाऊन तो बदलता येतो. मात्र पोस्टाच्या इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमनदेखील हे काम करून देतात, आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी तोच मार्ग सोयीचा आहे. मोबाइल नंबर बदलण्यासाठी वेगळे कागदपत्र लागत नाही, पण अंगठ्याची किंवा डोळ्यांची ओळख पटावी लागते. ऊसतोडीत, बांधकामावर किंवा वीटभट्टीवर आयुष्य गेलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि यंत्र ते घेत नाही. अशा वेळी सगळी बोटे करून पाहावीत, हात धुऊन कोरडे करावेत आणि तरीही न जमल्यास डोळ्यांच्या पडताळणीचा आग्रह धरावा.

दुसरी गोष्ट नावाची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नोंदी याच ठिकाणी हरवतात. दवाखान्यातली नोंद शोधताना संगणक नाव, लिंग, जन्मवर्ष आणि मोबाइल नंबर जुळवून पाहतो. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते, त्यामुळे मुलीचे गरोदरपणातले सगळे कागद कधी माहेरच्या नावाने तर कधी सासरच्या नावाने असतात, आणि आधारवर तिसरेच काही असते. वडीलधाऱ्यांच्या जन्मतारखेचा प्रश्न तर याहून अवघड आहे: अनेकांच्या आधारवर एक जानेवारी ही तारीख असते किंवा नुसते वर्ष असते, आणि केसपेपर काढताना मात्र अंदाजाने वय सांगितले जाते. एका दवाखान्यात ६२ आणि दुसऱ्यात ७० असे वय सांगितल्यास ती दोन वेगळी माणसे ठरतात. म्हणून रुग्णाला एक सवय लावावी, की यापुढे प्रत्येक खिडकीवर आधारवर जसे आहे तसेच नाव आणि तेच जन्मवर्ष सांगायचे. ज्यांना ते लक्षात राहत नाही त्यांच्यासाठी एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत नाव, जन्मवर्ष, मोबाइल नंबर आणि आभा क्रमांक लिहून तो कागद पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवावा. आधारचा क्रमांक मात्र त्या कागदावर लिहू नये.

क्रमांक काढणे

हे काम सोपे आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो. आधी क्रमांक अस्तित्वात आहे का ते पाहावे, कारण कोविड लसीकरणाच्या वेळी आधार दाखवलेल्या अनेकांचे क्रमांक तेव्हाच तयार झाले आणि त्यांना त्याची कल्पनाही नाही. आभाचे ॲप उतरवून किंवा ‘आभा डॉट एबीडीएम डॉट जीओव्ही डॉट इन’ या संकेतस्थळावर जाऊन आधार क्रमांक भरावा, संमतीच्या चौकटीत खूण करावी, आलेला ओटीपी टाकावा. त्या आधारवर आधीच क्रमांक असल्यास तोच समोर येतो, नसल्यास नवा तयार होतो. त्यानंतर संपर्कासाठी मोबाइल नंबर विचारला जातो. तो आधारचाच असला पाहिजे असे नाही, पण तो कोणाचा द्यायचा हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. शेवटी आभा पत्ता निवडायचा असतो. तो ईमेलसारखा दिसतो आणि त्याच्या शेवटी ‘ॲट एबीडीएम’ असते. रुग्णाला उच्चारता येईल असा पत्ता निवडावा. नाव आणि जन्मवर्ष एकत्र केलेले पुरेसे असते.

ज्यांच्याकडे आधारशी जोडलेला नंबर नाही आणि तो लगेच जोडणे शक्य नाही, त्यांचा क्रमांक सरकारी रुग्णालयात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात अंगठ्याच्या अथवा चेहऱ्याच्या पडताळणीने काढता येतो. उपकेंद्रातल्या सीएचओंना (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना) किंवा सिस्टरना त्याविषयी विचारावे. वाहन चालवण्याचा परवाना असलेल्यांना परवान्याच्या आधारेही नोंदणी करता येते.

कोयनेच्या जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात, तापोळा-बामणोलीच्या वरच्या वाड्यांवर किंवा शिराळ्याच्या चांदोलीकडच्या भागात ओटीपी येईपर्यंत त्याची मुदत संपते, हा तिथल्या लोकांचा नेहमीचा अनुभव आहे. अशा ठिकाणी घरी बसून प्रयत्न करण्यात वेळ घालवू नये. बाजाराच्या दिवशी माणूस मेढ्याला, महाबळेश्वरला किंवा शिराळ्याला येतो, तेव्हा फोन आणि आधार बरोबर घ्यायला सांगावे आणि तेथेच काम उरकावे.

नोंद जोडणे : खरे काम येथून सुरू होते

क्रमांक निघाला आणि ॲप उघडले, की आत बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. येथे अनेक जण थांबतात आणि हे चालत नाही असे ठरवतात. पण ॲप रिकामे असण्याचे कारण समजून घेतले पाहिजे. रुग्णाच्या नोंदी कोणत्याही एका सरकारी कोठारात साठवलेल्या नाहीत. ज्या दवाखान्यात उपचार झाले त्याच दवाखान्याच्या संगणकात त्या राहतात आणि रुग्णाने मागितल्यावर ॲप त्या तेथून आणून दाखवते. त्यामुळे दवाखान्याने संगणकावर नोंद केलेली नसेल, किंवा ती आभाशी जोडलेली नसेल, तर ॲपला आणण्यासारखे काही नसते. फक्त कागदावर लिहिलेली जुनी केस आपोआप मोबाइलवर येणार नाही.

जोडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला आणि अधिक भरवशाचा मार्ग केसपेपर काढण्याच्या खिडकीवरचा आहे. अनेक सरकारी रुग्णालयांत खिडकीजवळ क्यूआर कोड लावलेला असतो. ॲपमधून तो स्कॅन केला, की नाव-वय-पत्ता आपोआप पोचतो, टोकन मिळते आणि लांब रांगेत उभे राहण्याचा वेळ वाचतो. स्मार्टफोन नसल्यास खिडकीवर १४ अंकी क्रमांक सांगावा आणि ‘हा आभा क्रमांक केसपेपरला लावून घ्या’ अशी विनंती करावी. बाहेर पडताना पुन्हा एकदा विचारावे, की आजची चिठ्ठी आणि रिपोर्ट आभाला जोडले का. कर्मचाऱ्यावर कामाचा ताण असतो, त्यामुळे विचारताना सौजन्य ठेवावे. पण विचारणे सोडू नये, कारण न विचारल्यास नोंद कागदावरच राहण्याची शक्यता अधिक असते.

दुसरा मार्ग ॲपमधून मागे जाण्याचा. ॲपमध्ये दवाखान्याचे नाव शोधता येते. ते सापडल्यास रुग्णाची ओळख जुळवून त्याच्या नावावरच्या भेटी दाखवल्या जातात, हव्या त्या निवडायच्या असतात, आणि मग दवाखान्याकडे नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. आपला सध्याचा नंबर आणि दवाखान्याने लिहून घेतलेला नंबर वेगळे असल्यास काम येथेच अडते. तेव्हा पुढच्या भेटीत खिडकीवर नंबर बदलून घ्यावा आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. दवाखान्याचे नाव यादीत दिसते आहे पण एकही नोंद येत नाही, असेही घडते. दवाखान्याची नोंदणी झालेली असणे आणि तेथून डिजिटल नोंदी प्रत्यक्ष पाठवल्या जाणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. तालुक्याच्या गावातले अनेक लहान खासगी दवाखाने आणि लॅब दुसऱ्या पायरीपर्यंत पोचलेल्या नाहीत. तेथे वाद घालून उपयोग नाही. त्यांचे कागद पुढे सांगितलेल्या पद्धतीने आपण स्वतः साठवावेत.

प्राथमिक आरोग्य केंद्रात महालॅबसाठी, म्हणजे सरकारी मोफत तपासणी योजनेसाठी, रक्त दिले असेल तर नोंदणीच्या वेळी दिलेला मोबाइल नंबर बरोबर लिहिला गेला आहे ना, हे तेथेच पाहावे. लहान मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या लसीकरणाची नोंद यू-विन या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर होते. बाळ आजोळी असले आणि लस तेथे दिली तरी तोच मोबाइल नंबर सांगितल्यास नोंद एकाच ठिकाणी राहते. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांचा सल्ला घेतला असेल तर तेथील चिठ्ठी त्याच दिवशी उतरवून ठेवावी.

अडचण सुटत नसेल तर १४४७७ किंवा १८०० ११ ४४७७ या मोफत क्रमांकांवर डिजिटल मिशनची मदत मिळते. फोन करताना रुग्ण जवळ असावा.

कागदाची नोंद स्वतः करणे

आपल्या भागातल्या बहुतेक रुग्णांच्या बाबतीत सर्वांत जास्त उपयोगाचे काम हेच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि म्हणून यासाठी एक पूर्ण दुपार राखून ठेवावी. पिशवी रिकामी करून कागद तारखेप्रमाणे लावावेत. सगळ्यांचा फोटो काढण्याची गरज नाही. दरमहा मिळणाऱ्या त्याच गोळ्यांच्या चिठ्ठ्यांपैकी शेवटची एक पुरते. याउलट प्रत्येक डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, बायोप्सीचा रिपोर्ट, हृदयात स्टेंट टाकली असल्यास तिचे कार्ड, अँजिओग्राफी, सिटी स्कॅन व एमआरआयचे लेखी रिपोर्ट, कोणत्या औषधाची ॲलर्जी झाली होती त्याची नोंद, आणि गरोदर स्त्रीचे माता-बाल कार्ड हे कधीही गाळू नयेत. ईसीजीची पट्टी आणि सोनोग्राफीची चित्रे ज्या कागदावर छापतात तो उष्णतेने छपाई होणारा कागद असतो आणि काही वर्षांत अक्षरे उडून जातात. त्यामुळे त्यांचा फोटो सर्वांत आधी काढावा.

फोटो दिवसा, दारातल्या उजेडात काढावा, दिव्याखाली काढू नये. कागद जमिनीवर सपाट ठेवावा, एका फोटोत एकच पान घ्यावे, आणि रुग्णाचे नाव, तारीख व दवाखान्याचे नाव चौकटीत आले आहे याची खात्री करावी. बोटाची सावली पडलेला किंवा डोस न वाचता येणारा फोटो नसल्यासारखाच असतो, म्हणून प्रत्येक फोटो मोठा करून एकदा वाचावा. एक्स-रेची फिल्म खिडकीच्या काचेला लावून फोटो घेता येतो, पण डॉक्टरांच्या दृष्टीने मोठ्या केंद्रातून मिळणारी सीडी किंवा मोबाइलवर पाठवलेली लिंक अधिक मोलाची असते. अशी लिंक काही दिवसांनी बंद पडू शकते. ज्या दिवशी आली त्याच दिवशी तिच्यातली फाइल उतरवून घ्यावी.

साठवण्यासाठी डिजिलॉकर, म्हणजे कागद ऑनलाइन ठेवण्याची सरकारी सेवा, सोयीचे आहे. आधारवर खाते उघडता येते, स्वतःचे कागद चढवण्यासाठी एक जीबी जागा मिळते, आणि पीडीएफ किंवा जेपीजी स्वरूपातली दहा एमबीपर्यंतची फाइल स्वीकारली जाते. फाइलचे नाव ‘२०२४-०८-डिस्चार्ज-मिरज’ अशा धर्तीवर, म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग कागदाचा प्रकार आणि मग गाव, असे द्यावे, म्हणजे यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवणे म्हणजे साठवणे नव्हे: फोन बदलला की ते जाऊ शकते, आणि हवा तो कागद शोधता शोधता डॉक्टरांसमोरची वेळ संपते.

यानंतर एक सारांशाचे पान तयार करावे. त्यावर रुग्णाचे नाव, रक्तगट, जुने आजार, झालेली ऑपरेशने आणि त्यांची वर्षे, सध्या सुरू असलेल्या प्रत्येक गोळीचे पाकिटावर छापलेले नाव व डोस, ॲलर्जी, आणि घरातल्या एका जबाबदार माणसाचा नंबर एवढेच असावे. गोळ्यांची नावे पाकिटावरून जशीच्या तशी उतरवावीत, आठवणीवर विसंबू नये. जत तालुक्यातली पुष्कळ माणसे विजयपूर, अथणी किंवा बेळगावच्या दवाखान्यांत जातात आणि त्यांच्यातल्या अनेकांची घरची भाषा कन्नड आहे; तेथे मराठी पान उपयोगी पडत नाही, म्हणून त्यांच्यासाठी तेच पान इंग्रजीतही लिहून ठेवावे. हे पान कागदावर आणि फोनवर असे दोन्हीकडे असावे, आणि गोळी बदलली की त्याच दिवशी ते बदलावे. जुने पान फाडून टाकावे. दोन पाने राहिली तर धोका वाढतो.

फोन कोणाचा, संमती कोणाची

मदत करणाऱ्याने सर्वांत जपून वागण्याची जागा ही आहे. ॲपमध्ये मोबाइल नंबरवरून प्रवेश केल्यास त्या नंबरशी जोडलेल्या सगळ्या व्यक्तींची खाती समोर येतात. म्हणजे घरात एकच फोन असेल आणि तो नवऱ्याच्या किंवा दिराच्या खिशात असेल, तर सुनेच्या गर्भपाताची, कुटुंबनियोजनाची, क्षयरोगाची किंवा मानसिक आजाराच्या उपचाराची नोंद तो पाहू शकतो. तिने ही नोंद कोणाला सांगायची, हे तिनेच ठरवायचे आहे. म्हणून संपर्काचा नंबर भरण्यापूर्वी तिला बाजूला घेऊन, सासू आणि नवरा समोर नसताना, विचारावे की कोणाच्या फोनवर ही माहिती आलेली चालेल. तिला माहेरच्या बहिणीचा नंबर द्यावासा वाटला तर तो द्यावा. तिला हे नकोच असेल तर कागद तिच्याकडे ठेवून काम तेथेच थांबवावे; क्रमांक ऐच्छिक आहे हे वर म्हटलेच आहे. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्यानेच गोपनीयतेचे बंधन घातले आहे, तेव्हा मदत करणाऱ्याने ती माहिती आपल्या घरीसुद्धा बोलू नये.

नोंदी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी ॲपमध्ये संमतीची विनंती येते. तिच्यात कोण मागते आहे, कशासाठी, कोणत्या प्रकारच्या नोंदी, कोणत्या तारखांच्या आणि किती काळासाठी हे लिहिलेले असते. मंजूर करण्यापूर्वी हे सर्व रुग्णाला मोठ्याने वाचून दाखवावे आणि त्याच्या होकारानंतरच बटण दाबावे. यातले प्रकार आणि तारखा कमी करता येतात. गुडघ्यासाठी गेलेल्या रुग्णाने दहा वर्षांपूर्वीच्या मानसोपचाराची चिठ्ठी उघड करण्याचे काही कारण नाही. दिलेली संमती नंतर रद्दही करता येते, मात्र मधल्या काळात जे पाहिले गेले ते परत घेता येत नाही, हे रुग्णाला आधीच सांगितलेले बरे.

काम महा ई-सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात करावे लागले, तर उठण्यापूर्वी खात्यातून बाहेर पडावे, उतरवलेल्या फाइली त्या संगणकावरून आणि कचऱ्याच्या टोपलीतूनही काढून टाकाव्यात, आणि व्हॉट्सॲप त्या संगणकावर उघडे राहिलेले नाही हे पाहावे. ओटीपी फक्त रुग्ण समोर असताना आणि काम सुरू असतानाच वापरावा. ‘तुमचे आरोग्य कार्ड बंद पडणार आहे’ असे सांगून फोनवर ओटीपी मागणारा माणूस फसवणूक करणारा आहे, हे रुग्णाला दोनदा सांगावे. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर तक्रार करावी. रुग्णाच्या रिपोर्टचा फोटो मदतीच्या आवाहनासाठी गावाच्या ग्रुपवर टाकण्याची पद्धत पडली आहे. हेतू चांगला असतो, पण तो फोटो नंतर परत घेता येत नाही, म्हणून आवाहन करायचेच असेल तर रिपोर्ट न टाकता करावे.

जे गावात राहत नाहीत त्यांच्यासाठी

कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडून आणि जतकडूनही ऊसतोडीची कुटुंबे कोप्यांवर येतात. माण-आटपाडीचे मेंढपाळ पावसाळा संपला की कळप घेऊन बाहेर पडतात. विटा, तासगाव भागातली गलाई (सोने-चांदी गाळण्याचा) व्यवसाय करणारी कुटुंबे देशभरातल्या शहरांत असतात, आणि पाटण-जावळीतली कितीतरी माणसे मुंबईत माथाडी काम करतात. या सगळ्यांचे निम्मे कागद एका गावी आणि निम्मे दुसऱ्या गावी असतात, त्यामुळे आभाचा सर्वांत मोठा फायदा खरे तर यांनाच व्हायला हवा. पण त्यांचाच मोबाइल नंबर सर्वांत जास्त बदलतो. सिमकार्ड अनेक महिने वापरले नाही, की कंपनी तो नंबर बंद करते आणि पुढे दुसऱ्या ग्राहकाला देते. मग रुग्णाचे ओटीपी अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात. ऊसतोडीच्या टोळीत तर नोंदणीच्या वेळी मुकादमाचा नंबर दिला जातो आणि हंगाम संपला की त्याच्याशी संपर्कच उरत नाही. अशा कुटुंबासाठी गावी राहणाऱ्या, विश्वासाच्या आणि नंबर न बदलणाऱ्या एका नातेवाइकाचा फोन ठरवावा, त्या व्यक्तीचीही संमती घ्यावी, आणि जुना नंबर बंद करण्यापूर्वी आभाच्या खात्यात नवा नंबर घालून घ्यावा. तो बंद झाल्यानंतर हेच काम पुन्हा आधारच्या पडताळणीने करावे लागते आणि त्यात मजुरीचे दिवस बुडतात.

दवाखान्याने कागद दिले नाहीत तर

कागदच हाती नसतील तर वरचे काहीच शक्य नाही, म्हणून रुग्णाचा हक्क माहीत असावा. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाविषयीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवाव्या लागतात, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यास ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात. मागणी तोंडी करू नये. साध्या कागदावर रुग्णाचे नाव, दाखल झाल्याची आणि घरी सोडल्याची तारीख, केस क्रमांक आणि हवे असलेले कागद, म्हणजे केसपेपरची प्रत, ऑपरेशनची नोंद, रिपोर्ट, हे स्पष्ट लिहावे, सही किंवा अंगठा घ्यावा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का व तारीख मागावी. प्रतींचा वाजवी खर्च द्यावा लागू शकतो. नातेवाईक अर्ज करत असेल तर रुग्णाचे अधिकारपत्र आणि दोघांच्या ओळखपत्राच्या प्रती जोडाव्यात. तीन वर्षांची मुदत लक्षात घेता जुन्या ऑपरेशनचे कागद मागायचे असतील तर उशीर करू नये. पोच दिली नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पोस्टाची पावती डिजिलॉकरमध्ये त्याच रुग्णाच्या कागदांबरोबर चढवावी. तरीही प्रती मिळाल्या नाहीत तर शासकीय रुग्णालयाच्या बाबतीत जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि डॉक्टरांविरुद्ध महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. तक्रारीला मूळ अर्जाची आणि पोचेची किंवा पोस्टाच्या पावतीची प्रत जोडावी.